शिफारस करा, पण पत्ता सांगितल्यासारखी

प्रश्न: मी मुलुंडला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते. सोसायटीतल्या चौघी आणि लोकलच्या डब्यातल्या पाच जणी मिळून आम्हा नऊ मैत्रिणींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नवीन काय वाचलं, काय पाहिलं, कुठे काय छान खाल्लं ते एकमेकींना कळावं म्हणून तो काढला. आता त्यावर ‘मस्ट वॉच’, ‘भन्नाट, चुकवू नका’ असे मेसेज पडतात, खाली अंगठे येतात आणि वाचत-बघत कुणीच नाही. म्हणून जानेवारीत माझ्याकडे जमलो. मी आदल्या दिवसापासून ओट्याशी उभी. एकीने मालिकेचे आठही भाग शेवटासकट सांगितले, दुसरी त्यावरून रुसली, तीन तास गेले तरी चौघींची पाळीच आली नाही. फेब्रुवारीत चौघी आल्या, मार्चमध्ये कुणीच नाही. आमच्यातली एक म्हणते, ‘मी तुमच्यासारखं जड काही वाचत नाही, मी काय सांगणार?’ हे नीट चालवायचं कसं? आणि जाता जाता, माझं एक पुस्तक दोन वर्षांपासून एकीकडे आहे. ते मागू कसं?
एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर: तुमच्या मैत्रिणी आळशी आहेत असं समजू नका. ‘भन्नाट आहे, चुकवू नका’ हा मेसेज वाचून माणसाने नेमकं करायचं काय? कुणाला घरी बोलावताना आपण ‘घर फार छान आहे, या’ एवढ्यावर थांबत नाही. पूर्वेला उतरा, कल्याणच्या टोकाचा पूल घ्या, शेअर रिक्षा मिळते, वॉचमनला नाव सांगा, लिफ्ट बंद असेल तर चार जिने चढावे लागतील, हे सगळं सांगतो. शिफारसही अशीच सांगायची असते. कौतुक राहिलं तरी चालेल, पत्ता राहिला की पाहुणा येत नाही.

या पत्त्यात चार गोष्टी हव्यात. केवढं आहे, सुरुवात कुठून करायची, कुणाला आवडणार नाही आणि आत्ता कुठे मिळेल. यातली तिसरी सगळ्यात कामाची आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. ‘ज्यांना संथ चालत नाही त्यांनी हात लावू नका’ असं एक वाक्य ऐकलं की समोरच्या आठपैकी तिघी मनातल्या मनात बाद होतात आणि उरलेल्या पाच जणींना ते आपल्यासाठी आहे हे कळतं. सरसकट सगळ्यांना आवडेल असं सांगितलेलं कुणीच उचलत नाही.

मालिकेबद्दल सांगायचं तर असं सांगा: ‘आठ भाग, प्रत्येकी पाऊण तासाचे, म्हणजे एकूण सहा तास. पहिला भाग सावकाश आहे. दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मन लागलं नाही तर खुशाल सोडा. मारामारी बरीच आहे, जेवताना लावू नका, मुलं खोलीत असतील तर नकोच. सासूबाईंना दाखवायची असेल तर भाषा आणि सबटायटल आधीच लावून ठेवा.’ एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. ‘सहा तास’ हा आकडा कळला की ऐकणारी लगेच हिशोब मांडते. मुलुंड ते सीएसएमटी जलद गाडीने साधारण पाऊण तास धरला, तर जाता-येता एकेक भाग, म्हणजे चार दिवसांत मालिका संपली. फक्त भाग घरच्या वायफायवर उतरवून घ्यायला सांगा. धावत्या गाडीत रेंज तुटत राहते, चित्र अडकतं आणि लोक मालिकेलाच कंटाळवाणी ठरवतात. काही ॲपवर उतरवलेला भाग एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. त्यामुळे एका वेळी दोनच उतरवा.

पुस्तकाचंही तसंच. पानं किती, अक्षर बारीक की मोठं (चाळिशी उलटलेल्या वाचकाला हे लेखकाच्या नावाइतकंच महत्त्वाचं असतं), एका बैठकीत होईल की महिनाभर उशाशी राहील. कादंबरी असेल तर माणसं किती आहेत आणि नात्यांचा गोंधळ कितव्या पानापर्यंत चालतो तेही सांगा. कथासंग्रह असेल तर पहिली कथा कोणती वाचायची ते सांगाच. संग्रहातली सुरुवातीची कथा बरेचदा सगळ्यात चांगली नसते आणि नव्या वाचकाचं पुस्तक तिथेच मिटतं.

आता जमण्याबद्दल. तुमची जानेवारीची बैठक फसली ती माणसांमुळे नाही, वेळ आखली नव्हती म्हणून. दिवस आधी ठरवा. तुम्ही बँकेत आहात आणि सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा असतो. त्यातला एक कायमचा धरा. रविवार नको. मेगाब्लॉक असला की डब्यातल्या पाच जणी घरीच बसतील किंवा दीड तास उशिरा येतील आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल. वेळ साडेचार ते सहा. ‘चारच्या सुमारास’ असं ठेवलंत तर पहिली चारला येते, शेवटची साडेपाचला आणि पहिली तोवर घड्याळ बघून कंटाळलेली असते.

नऊ जणी, प्रत्येकीला सहा मिनिटं, म्हणजे चौपन्न मिनिटं. चहा-खाण्याला वीस. उरलेली पंधरा-सोळा मिनिटं ‘कुठे मिळेल’, ‘कोणाकडे आहे’ यातच जातात, म्हणून ती मोकळी सोडा. एका वेळी प्रत्येकीने एकच गोष्ट सांगायची, एक पुस्तक किंवा एक मालिका किंवा एक पदार्थ. दोन सांगितल्या की दोन्ही विसरल्या जातात. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून काढा, नाहीतर जी उत्तम बोलते ती दर वेळी पहिली आणि जी बुजते ती दर वेळी शेवटची, तेही बाकीच्यांच्या चपला घालून झाल्यावर. मोबाइलच्या टायमरवर पाच मिनिटांना एक बारीक घंटी लावा आणि सहाला दुसरी. दुसऱ्या घंटीला वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. आणि तो मोबाइल आठही भाग शेवटासकट सांगणाऱ्या मैत्रिणीच्या हातात द्या. खरंच द्या. दुसऱ्यांना थांबवण्याचं काम अंगावर असलं की माणूस स्वतःही वेळेत थांबतो. न थांबून चालत नाही, आठ जणी बघत असतात.

शेवट फोडण्याच्या भांडणावर साधी रेघ ओढा. गोष्टीचा पहिला चौथा हिस्सा सांगण्याजोगा, पुढचा नाही. आठ भागांची मालिका असेल तर दोन भागांपर्यंत, दोनशे पानांची कादंबरी असेल तर पन्नासाव्या पानापर्यंत. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हेसुद्धा नको. ते ऐकल्यावर बघणारी पहिल्या भागापासून संशयाने बघू लागते आणि चौथ्या भागात खुनी ओळखून मोकळी होते.

सहा मिनिटांतली अडीच मिनिटं एका पानाला द्या. पुस्तक घेऊन या आणि त्यातलं एक पान वाचून दाखवा. मराठी पुस्तकाच्या एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात आणि घाई न करता वाचलं तर ते दोन-अडीच मिनिटांत होतं. एकच पान. दुसरं सुरू झालं की ऐकणाऱ्यांचं लक्ष चहाच्या वासाकडे जातं. पान निवडण्यातच खरी मेख आहे. निसर्गवर्णनाचं पान डोळ्यांनी वाचायला सुंदर लागतं, पण ऐकताना हरवतं. दोन माणसं एकमेकांशी बोलताहेत असं पान घ्या, पहिल्या चौथाईतलं, ज्यात तीनपेक्षा जास्त नावं नाहीत. कोण कुणाची कोण, हे वाचण्याआधी एका वाक्यात सांगा. घरी एकदा मोठ्याने वाचून बघा आणि जिथे श्वास अपुरा पडतो तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारा (पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिकट कागदाची पट्टी लावा). मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो आणि तो सगळ्याच पुस्तकांचा सारखाच वाटतो.

‘मी जड वाचत नाही’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला पुढच्या वेळी चिठ्ठी न टाकता पहिला क्रमांक द्या आणि तिने शेवटचं जे वाचलं तेच आणायला सांगा. रविवारच्या पुरवणीतला लेख असेल, पाककृतींचं पुस्तक असेल, गुणकारी भाज्यांची पुस्तिका असेल, सगळं चालेल. डोळे थकत असतील तर ऐकलेलं पुस्तकही चालेल, त्याला पानांऐवजी तास सांगायचे. एकदा पाककृतीचं पान मोठ्याने वाचलं गेलं की जड-हलकं हा वाद संपतो.

तुमच्यातली कुणीतरी लवकरच सुचवेल की सगळ्यांनी महिनाभर एकच पुस्तक वाचून येऊ. नको. त्याचा गृहपाठ होतो आणि ज्यांचा झालेला नसतो त्या ऐन वेळी ताप आल्याचं कळवतात. फार वाटलं तर वर्षातून दोनदा एक कथा तिथेच बसून आळीपाळीने वाचा. बारा-चौदा पानांची कथा अर्ध्या तासात होते आणि कुणाला आधी काहीच वाचून यावं लागत नाही.

खाण्याचं बघू. तुम्ही आदल्या दिवसापासून राबलात, म्हणून फेब्रुवारीत दुसरीने घर द्यायचं टाळलं असणार. जिचं घर तिने फक्त चहा करायचा. पदार्थ दोघींनी आणायचे, त्यांची नावं आधीच्या बैठकीत चिठ्ठीने काढायची आणि आणायचं ते जेवण नव्हे, चव. नऊ जणींना प्रत्येकी पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एका पदार्थाचं अर्धा किलो. याहून जास्त आणलं तर पुढची तिच्याहून जास्त आणते आणि चार महिन्यांत हळदीकुंकवाचा थाट होऊन बसतो.

नऊ कप चहालाही अंदाज चालत नाही. शंभर मिलीचे नऊ कप धरले तर पाणी साडेसहाशे मिली, दूध साडेतीनशे. वरचे शंभर उकळण्यात आणि चोथ्यात जातात. पावडर आठ सपाट चमचे. चार कपांच्या सवयीने नऊला अठरा चमचे टाकले की कडू होतो. आलं दीड इंच ठेचून पाण्यातच घाला, दोन-तीन मिनिटं खळखळून उकळू द्या आणि दूध नंतर. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर त्यातल्या पाचक द्रव्याने दूध फाटू शकतं. पाण्यात उकळलं की ते द्रव्य निकामी होतं. पाहुण्यांसमोर चहा फाटतो तो बहुतेक वेळा याच उलट्या क्रमाने, आणि बोल मात्र दूधवाल्याला बसतो.

पदार्थाचा पत्ता म्हणजे कृती, आणि कृतीत सगळ्यात मोठा शत्रू ‘अंदाजे’ हा शब्द. कोथिंबीर वडी घ्या. ती सगळ्यांनाच येते आणि तरी प्रत्येकीची वेगळी बिघडते. अठरा-वीस वड्यांसाठी निवडून चिरलेली कोथिंबीर तीन वाट्या, बेसन दीड वाटी, तांदळाचं पीठ दोन मोठे चमचे, आलं-लसूण-मिरचीचं वाटण एक मोठा चमचा, तीळ एक मोठा चमचा, हळद अर्धा लहान चमचा, तिखट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. वाटी १५० मिलीची. हे लिहायलाच हवं, कारण कुणाच्या घरची वाटी शंभरची तर कुणाची दोनशेची असते. कोथिंबीर धुऊन कापडावर तासभर पसरा. ओली चिरली तर पीठ सैल होतं, मग हात बेसनाच्या डब्याकडे जातो आणि वडी दडदडीत होते. चिरलेल्या कोथिंबिरीला आधी मीठ, गूळ आणि वाटण चोळून दहा मिनिटं ठेवा. तिचं तिला पाणी सुटतं. मग बेसन, तांदळाचं पीठ आणि एक मोठा चमचा कडकडीत तेल. वरून पाणी लागलंच तर चमच्या-चमच्याने, एकूण पाव वाटीच्या आत. गोळा हाताला थोडा चिकटला पाहिजे, ओघळता कामा नये. दोन वळकट्या करून पंधरा ते अठरा मिनिटं वाफवा आणि सुरी घालून ती कोरडी निघते का बघा. कापायची घाई करू नका, पाऊण तास तरी पूर्ण गार होऊ द्या. गरम वळकटी सुरीखाली भुगा होते. डब्यात वळकट्या अख्ख्या न्या, कापून परतणं जिच्या घरी जमलात तिथे. घरून परतून नेल्या तर डब्यात वाफ धरते आणि मुलुंड ते घाटकोपर एवढ्याशा प्रवासात कुरकुरीतपणा जातो.

दादरला ‘प्रकाश’ उपाहारगृहातलं पियुष पिऊन आलेली कुणीतरी तेच सांगेल, आणि सांगावंच. घरी करायचं तर त्याचा सोपा पत्ता असा. नऊ लहान पेल्यांसाठी केशर-वेलचीचं श्रीखंड तीनशे ग्रॅम, ताजं ताक सहाशे मिली, जायफळ चिमूटभर, मीठ कणभर. साखर चव बघून, बहुतेक लागत नाही. रवीने घुसळा, मिक्सर फिरवू नका. मिक्सरने फेस फार येतो आणि ताकात लोणी उरलं असेल तर त्याचे कण वर येतात. ताक आंबट असेल तर बेत रद्द करा, साखर घालून ते झाकलं जात नाही. पियुष, दहीवडे, ओल्या खोबऱ्याची चटणी हे उकाड्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. लांबून येणारीने चटणी आणायची तर तिळाची किंवा जवसाची.

बाहेरच्या खाण्याचा पत्ता सांगताना हॉटेलचं नाव पुरत नाही. कोणतं स्टेशन, पूर्व की पश्चिम, कोणता पदार्थ मागवायचा, कोणता मागवायचा नाही, किती वाजता गेलं तर बसायला जागा मिळते, साप्ताहिक सुट्टी कधी, दोघींचं बिल किती झालं. ‘मागवायचा नाही’ हा भाग गाळू नका. एका पदार्थासाठी नावाजलेल्या ठिकाणी लोक भलतंच मागवतात आणि शिफारस करणारीला दोष देतात. मासळीबद्दल सांगताना महिना सांगा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मे महिन्यात खाल्लेल्या पापलेटची शिफारस जुलैत ऐकून कुणी गेलं, तर पुढ्यात बर्फातला येण्याचीच शक्यता जास्त. आणि पदार्थ ठरवण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. शनिवारी चतुर्थी आली, श्रावण लागला की नऊपैकी किती जणींना कांदा-लसूण चालत नाही ते आधी विचारा. वड्या चट्टामट्टा होत असताना एकीने कोपऱ्यात केळं खात बसायचं, हे बरं दिसत नाही.

तुमच्या गटाला सगळ्यात शोभेल अशी एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नाही. दिवाळी अंकांची भिशी. का. र. मित्र यांनी १९०९ साली मुंबईतून ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला फराळाबरोबर वाचायचंही असतं. आता मात्र जाडजूड अंक तीन-चारशेच्या घरात गेल्याने एकटीने दोनच्या वर घेववत नाहीत. तुम्ही नऊ जणींनी नऊ वेगवेगळे अंक घ्यायचे. कोण कोणता घेणार ते दिवाळीच्या पंधरा दिवस आधी ठरवा, नाहीतर तिघी एकच अंक आणतील. त्यात एक कथांचा, एक विनोदी, एक खाद्यविषयक आणि एक लेख-मुलाखतींचा असा तोल बघा. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला नऊ नावांची पट्टी चिकटवा, क्रम सगळ्यांवर सारखाच, फक्त सुरुवात अंकाच्या मालकिणीपासून. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीने आपल्या हातातला अंक पट्टीतल्या पुढच्या नावाकडे द्यायचा. नऊ वेळा पंधरा म्हणजे एकशे पस्तीस दिवस, साडेचार महिने. दिवाळीला निघालेला अंक होळी-पाडव्याच्या सुमारास मालकिणीकडे परत.

ही भिशी मोडते ती एकाच कारणाने. कुणीतरी म्हणते, ‘माझे दोन लेख राहिलेत, चार दिवस ठेवते.’ मग तिच्याकडे दोन अंक साठतात, पुढची रिकामी बसते, तिच्यापुढची चिडते आणि साखळी तुटते. म्हणून नियम कडक ठेवा. तारीख आली की अंक पुढे जाणार, वाचून झालेला असो वा नसो. राहिलेलं पान कितवं ते लिहून ठेवा आणि साखळी संपली की तो अंक पुन्हा मागून घ्या. अंक देणारीने आत एक कागद खोचायचा आणि ‘आधी हे वाच’ म्हणून दोनच पान क्रमांक लिहायचे. त्या कागदावर हळूहळू नऊ हस्ताक्षरं जमतात आणि कुणाची आवड कुणाशी जुळते ते कळायला दुसरं काही लागत नाही. वार्षिक राशिभविष्याची पानं कुणी फाडून ठेवणार नाही, एवढं तेवढं आधी बजावा.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, तुमच्या पुढच्याच स्टेशनवर. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. नऊपैकी दोघींनी जरी वाचनालयाचं सभासदत्व घेतलं तरी गटात दर महिन्याला नवीन पुस्तकं दिसत राहतात. वाचनालयाचं पुस्तक गटात फिरवायचं मात्र नाही, फक्त दाखवायचं. दंड जिच्या नावावर लागतो ती पुढच्या वेळी आणत नाही. जुनी पुस्तकं बघायची तर फोर्टातून सुटल्यावर फ्लोरा फाउंटनचे पदपथ तुम्हाला चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या पदपथावरचे विक्रेते आहेत. जुनं पुस्तक घेताना मधली पानं उलटून बघा, शिवण सुटलेली आहे का आणि कडेला वाळूसारखा भुगा पडतो का. भुगा म्हणजे कसर. ते पुस्तक घरच्या कपाटात इतरांशेजारी ठेवू नका.

पावसाळ्यात पुस्तक पिशवीत नुसतं टाकू नका, तोंड बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तरी भिजलं तर इस्त्री नको आणि ऊनही नको, दोन्हींनी पानं वाकडी होतात. उभं करून पानं पंख्यासारखी सैल करा, दर दहा-पंधरा पानांमागे कोरा, न छापलेला कागद घाला, तो दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याचा वारा द्या. दिवाळी अंकाचा कागद गुळगुळीत असेल तर थांबायला वेळ नसतो. ती पानं ओली असतानाच एकेक सोडवावी लागतात. चिकटून वाळली की मग सुटत नाहीत, छपाईसकट निघतात.

नाटकाचं गणित उलटं आहे. पुस्तक वाट बघतं, नाटक बघत नाही. म्हणून नाटक आवडलं तर बैठकीपर्यंत थांबू नका, त्याच रात्री ग्रुपवर टाका. पुढचा प्रयोग कधी, कुठे, दोन अंक आणि मध्यंतर धरून किती वेळ आणि कुठल्या रांगेतून ऐकू येतं. मुलुंडचं कालिदास किंवा ठाण्याचं गडकरी रंगायतन इथे प्रयोग लागला तर चार-पाच जणींनी एकत्र तिकिटं काढा. परतीची गाडी किती वाजता तेही त्याच मेसेजमध्ये लिहा, डोंबिवलीकडे जाणाऱ्या असतील तर त्यांचा निर्णय त्यावरच होतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करू नका, फक्त त्याचं काम कमी करा. ग्रुपच्या माहितीच्या चौकटीत पत्त्याचे ते चार प्रश्न लिहा. बैठक झाली की एकीने त्याच रात्री नऊ ओळींचा मेसेज टाकायचा, नाव आणि कुठे मिळेल एवढाच, आणि तो पिन करायचा. पिन ३० दिवसांपर्यंत ठेवता येतो, म्हणजे पुढच्या बैठकीच्या आसपास तो आपोआप उतरतो. फॉरवर्ड नकोत, सुप्रभातही नको. ‘मला नाही आवडलं’ हे मात्र चालेल असं सुरुवातीलाच ठरवा आणि पहिल्यांदा तुम्हीच म्हणा, तेही स्वतःच केलेल्या एखाद्या शिफारशीबद्दल. त्याशिवाय बाकीच्यांची जीभ सैल होणार नाही.

राहिलं तुमचं पुस्तक. आधी शंभर पानी वही घ्या आणि त्यात पाच रकाने आखा. तारीख, पुस्तक, कुणाचं, कुणाकडे, परत कधी. मुदत चार आठवडे, एका वेळी एकीकडे एकच पुस्तक. ही वही प्रत्येक बैठकीत फिरते आणि मागण्याचं काम वही करते, तुम्ही नाही. पहिल्या पानावर आधीची उधारी लिहायची असं जाहीर करा आणि पहिली नोंद तुम्हीच कुणाकडून आणलेल्या, अजून न दिलेल्या पुस्तकाची करा. असेलच एखादं. दुसरी नोंद तुमच्या पुस्तकाची. तिच्या घरी फोन करून आठवण देऊ नका. बैठकीच्या आठवडाभर आधी तिला एकटीला लिहा: ‘शनिवारी त्या पुस्तकातलं एक पान वाचायचं म्हणते. येताना आणशील का?’ तिने ते कुणाला दिलं असेल तर ते या मेसेजच्या उत्तरातच कळेल. मग नवीन प्रत तिच्याकडून घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. दोन वर्षं वाट बघून झाली आहे, तेव्हा घेतलीत तर कुणी नावं ठेवणार नाही.